असई वाफेशिवाय जिंकली, मग वाफेने नेमकं काय जिंकलं?

बंदरकर (धागाकर्ता)

इतिहासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "इंग्रजांकडे यंत्रं होती, आपल्याकडे नव्हती, म्हणून राज्य गेलं." ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात आपला फारसा दोष राहत नाही. पण तारखा मांडून बघा. प्लासी १७५७. असई, जिथे कंपनीने शिंद्यांना हरवलं, २३ सप्टेंबर १८०३. खडकी ५ नोव्हेंबर १८१७, आणि पुढच्या वर्षी पेशवाईचा निकाल लागला. मुंबईहून सुएझकडे पहिली आगबोट सुटली ती २० मार्च १८३० ला. तेव्हा दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तात बसून पेन्शन घेत होते. बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायच्या दोन वर्षं आधी, १८५१ मध्ये, ते वारलेसुद्धा.

म्हणजे मराठी मुलूख गेला तो शिडाच्या जहाजांच्या, बैलांनी ओढलेल्या तोफांच्या आणि ठासणीच्या बंदुकांच्या जमान्यात. यातली प्रत्येक गोष्ट शिंद्यांकडेही होती.

मग वाफेने काय जिंकलं? माझं म्हणणं असं की वाफेने आधी नद्या जिंकल्या, त्याही बहुतेक आपल्या नव्हे, दुसऱ्यांच्या. आणि या उद्योगात मुंबई ही जिंकलेली जागा कमी आणि तळ जास्त होती. हा भाग आपण सहसा बोलत नाही.

ती १८३० सालची बोट घ्या. नाव 'ह्यू लिंडसे'. सांगाडा मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेला, इंजिनं विलायतेहून आणलेली. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम या प्रकरणाच्या मागे हात धुऊन लागला होता, कारण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून येणाऱ्या टपालाला महिनोनमहिने लागत. अडचण कोळशाची. बोटीत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी जागा, आणि एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुप्पट. मग काय केलं? केबिनीत भरला, डेकवर रचला, जिथे माणसं बसायची तिथे कोळसा. बोट बंदराबाहेर पडली तेव्हा पाण्यात इतकी खोल बसली होती की प्रवाशांपेक्षा कोळसाच प्रवासाला निघालाय असं वाटावं. महिनाभराने सुएझला पोचली. शिवाय हा कोळसा वाटेत ठेवायचा तर आधी शिडाच्या जहाजांनी तिथे नेऊन टाकावा लागे. आगबोटीची भूक भागवायला शिडाची गलबतं!

या भुकेतून एडन गेलं. ब्रिटिश निशाणाचं एक भारतीय जहाज तिथल्या किनाऱ्यावर फुटून लुटलं गेलं, हे निमित्त. खरी गरज कोळशाच्या वखारीची. १९ जानेवारी १८३९ ला कॅप्टन हेन्सच्या मोहिमेने एडन घेतलं. सैन्य मुंबई इलाख्याचं, हुकूम मुंबईचा, आणि पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईकडेच राहिला. अरबस्तानातला एक खडक जवळजवळ शतकभर आपल्या इलाख्यात होता, हे किती जणांना ठाऊक असतं?

आता नदी. १८३९ मध्ये बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यात ईस्ट इंडिया कंपनीसाठी गुपचूप एक लोखंडी आगबोट तयार झाली, 'नेमेसिस'. लांबी १८४ फूट, पण तळ सपाट, पाण्यात जेमतेम सहा फूट बुडणारी. खोल समुद्रात वापरायचा कणा वर ओढून घेता येई. दोन मोठ्या फिरत्या तोफा. केपला वळसा घालणारं हे पहिलं लोखंडी जहाज म्हणतात. वाटेत हिंदी महासागराच्या लाटांनी दोन्ही बाजूंचे पत्रे मधोमध फाटले, ते डेलागोआच्या खाडीत लाकूड आणि लोखंडाच्या पट्ट्या ठोकून कसेबसे सांधले. मग ती पुढे चीनला, पहिल्या अफूयुद्धात.

७ जानेवारी १८४१, कँटनच्या नदीच्या मुखाजवळचं चुएनपी. नेमेसिसवरून सुटलेला एक अग्निबाण चिनी जंकच्या, म्हणजे शिडाच्या जहाजाच्या, दारूकोठारात घुसला आणि जहाज माणसांसकट उडालं. पण माझ्या मते हा दणका दुय्यम. मोठी गोष्ट अशी की कँटनच्या वरच्या उथळ फाट्यांमध्ये, जिथे शिडाचं युद्धनौकेसारखं धूड जाऊच शकत नाही, तिथे ही बोट वाऱ्याविरुद्ध आणि ओहोटीविरुद्ध शिरत होती. चीनचे किल्ले समुद्राकडे तोंड करून होते. पुढच्या वर्षी आगबोटींनी शिडाच्या जहाजांना दोर लावून यांगत्सेतून वर ओढलं, चेनच्यांगला, जिथे दक्षिणेचं धान्य पेकिंगकडे नेणारा कालवा नदीला मिळतो. ती गाठ आवळली आणि दरबार तहाला आला.

२९ ऑगस्ट १८४२ चा नानकिंगचा तह ज्या जहाजावर सह्या होऊन झाला ते 'कॉर्नवॉलिस', ७४ तोफांचं, १८१३ मध्ये मुंबईत बांधलेलं. सागवान आपलं, सुतार आपले. आणि ज्या अफूवरून हे सगळं पेटलं, तिच्यातली माळव्याची बरीचशी अफू मुंबई बंदरातून जात होती.

तेव्हा प्रश्न असा: यंत्रांनी साम्राज्य मिळवून दिलं, की आधी मिळालेल्या साम्राज्याने यंत्रं वापरायला तळ, पैसा आणि माणसं पुरवली? जाणकारांनी लिहावं.

तोफखाना

वा! बऱ्याच दिवसांनी वाचण्यासारखा धागा. वाचनखूण साठवली.

असईबद्दल भर घालतो. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. तोफा इथेच ओतलेल्या, आणि गोलंदाज असे की तोफ सोडून पळण्यापेक्षा तोफेपाशी मेले. कंपनीचा सेनापती वेलस्ली, त्याची सुमारे १५८० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. सैन्य साधारण सात हजारांचं, म्हणजे पाचातला एकाहून जास्त. यंत्राच्या जोरावर जिंकणाऱ्याचा हिशेब असा नसतो. त्याच्या बाजूने काय होतं? कैलना नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत असताना समोरासमोर वसलेली दोन गावं बघून त्याने ताडलं की मध्ये वाट असणारच. हे डोळ्यांचं काम, इंजिनाचं नाही.

आणि दुसरं म्हणजे पगार. लढाई तोंडावर असताना कंपनीने जाहीर केलं की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना आम्ही सांभाळू. बरेच गेले. बंगालचा महसूल हातात असलेल्या कंपनीचा शिपाई महिन्याच्या महिन्याला पगार घेत होता, आपल्याकडे पलटणी थकबाकीसाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. औद्योगिक क्रांती तिथे मँचेस्टरात चालू होती हे खरं, पण असईच्या रानात तिचा एकही खिळा नव्हता.

विदा_हवा

लेख रोचक, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. भारत १८१८ पर्यंत गेला म्हणून यंत्रं दुय्यम? १८१८ नंतर सिंध, पंजाब, ब्रह्मदेश, आणि मुख्य म्हणजे अख्खी आफ्रिका आहे की. १८७० च्या सुमारास आफ्रिकेचा फक्त किनारा आणि दक्षिण टोक युरोपीयांच्या हातात होतं, चाळीसेक वर्षांत इथिओपिया आणि लायबेरिया सोडून सगळं गेलं. हा वेग कशाने आला?

बंदुकीचं बघा. ठासणीची बंदूक उभं राहून भरावी लागते, मिनिटाला दोन-तीन बार, पावसात दारू ओली. मागून काडतूस भरायची स्नायडर १८६६ मध्ये आणि मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये ब्रिटिश लष्करात आली. शिपाई जमिनीला पोट लावून भरतो, झाडतो. १८८४ ची मॅक्सिम मिनिटाला शेकड्यांनी गोळ्या. २ सप्टेंबर १८९८, सुदानातलं ओमदुर्मान: महदीवाल्यांची, म्हणजे महदी या धर्मनेत्याच्या अनुयायांची, दहा हजारांहून जास्त माणसं पडली, ब्रिटिश सेनापती किचनरच्या बाजूची पन्नासच्या आत. असईच्या आकड्यांशेजारी हे ठेवा. मध्ये काहीतरी बदललंय ना?

तोफखाना

@विदा_हवा, बदललंय, नाही कोण म्हणतंय. पण २२ जानेवारी १८७९, दक्षिण आफ्रिकेतलं इसांडलवाना. मार्टिनी-हेन्री हातात असलेली ब्रिटिश छावणी झुलूंनी भाल्यांनी कापून काढली. आणि १ मार्च १८९६, इथिओपियातलं अडवा. तिथल्या सम्राट मेनेलिकने इटलीची फौज धुऊन काढली, तीही नव्या रायफलींनी, ज्यातल्या काही खुद्द इटलीने दोस्तीच्या काळात त्याला दिलेल्या.

विदा_हवा

अडवा माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. बंदूक सारखी झाली की निकाल फिरला. म्हणूनच १८९० च्या ब्रसेल्सच्या करारात युरोपीयांनी ठरवलं की उत्तरेला २० आणि दक्षिणेला २२ अक्षांशांमधल्या आफ्रिकेत नव्या बंदुका विकायच्या नाहीत. वरवर हा करार गुलामांचा व्यापार थांबवण्याचा. यंत्राने काही फरक पडत नसता तर एवढी तजवीज केली असती का?

रानजाई

दोघेही बंदुकीपाशी अडकलात. आफ्रिकेत गोरा माणूस गोळी झाडायच्या आधी तापाने मरत होता, त्याचं बोला.

नेमेसिस बांधणाऱ्या जॉन लेअर्डचा भाऊ मॅकग्रेगर लेअर्ड. तो १८३२ मध्ये आगबोटी घेऊन नायजर नदीत शिरला. बोटी उत्तम चालल्या. ४८ युरोपीय गेले, ९ परत आले. १८४१ मध्ये ब्रिटिश सरकारने तीन आगबोटींची मोठी मोहीम त्याच नदीत धाडली, डास काय करतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, ताप दूषित हवेने येतो अशी समजूत, म्हणून बोटींवर हवा शुद्ध करायची यंत्रंसुद्धा बसवली होती. दीडशेच्या आसपास युरोपीय, चाळीसहून जास्त मेले. म्हणजे यंत्र नदीत पोचलं, पण ते चालवणारा अंथरुणावर.

क्विनीन १८२० मध्येच पॅरिसला पेलेटिए आणि कॅवांतू यांनी सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं होतं. पण ते ताप आल्यावर द्यायचं, तेही कमी. १८५४ मध्ये डॉ. बेकीने 'प्लेयड' बोटीवर सगळ्यांना आधीपासून रोज क्विनीन घ्यायला लावलं. नायजर आणि बेन्वेमध्ये चार महिने काढून एकही युरोपीय मेला नाही. ही बोटही मॅकग्रेगर लेअर्डनेच पुरवलेली. भावांनी अख्खा धंदाच केला होता म्हणा ना.

पुढचा भाग आपल्या जवळचा. साल अँडीजमधून यायची, महाग. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कमने तिथून रोपं-बिया बाहेर काढून निलगिरीत आणल्या. आपल्या महाबळेश्वरला लिंगमळ्यातही सिंकोना लावून पाहिला. इथली पावसाची झोड त्याला मानवली नाही. डचांनी जावामध्ये लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडून विकत घेतलेल्या बियांतून भरपूर क्विनीन देणारी जात वाढवली आणि बाजार मारला. ज्या मामानी नावाच्या बोलिव्हियन माणसाने त्या बिया गोळा केल्या, त्याला पकडून मारहाण झाली आणि त्यात तो मेला. औषधाच्या बाटलीवर त्याचं नाव कुठे आहे?

मधली_आळी

चांगली चर्चा आहे पण तुम्ही लोक यंत्राच्या प्रेमात आहात. मूळ गोष्ट पैसा. मँचेस्टरला माल खपवायचाय, लंडनला भांडवल गुंतवायचंय. बोट, बंदूक, गोळी ही हत्यारं. हत्याराला श्रेय दिलं की हत्यार चालवणारा सुटतो. रेल्वेचंच बघा, गुंतवणूकदाराला पाच टक्के व्याजाची हमी, तोटा झाला तर आपल्या शेतसाऱ्यातून भरपाई. वर "इंग्रजांनी रेल्वे दिली" म्हणणारे आहेतच.

बंदरकर

@मधली_आळी, पैशाचा मुद्दा मान्यच आहे, पण तो एवढ्यावर सोडला तर १७५७ चा लोभ आणि १८९८ चा लोभ यांत फरकच उरत नाही. लोभ तोच होता. पोच वाढली. आणि यंत्राने मोहीम नेहमी स्वस्त झाली असंही नाही, तेव्हा हिशेबाचं एक उदाहरण देतो, जे या धाग्याच्या पोटात बसतं.

अ‍ॅबिसिनिया, १८६७-६८. तिथल्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, सम्राट टेवोड्रोसने ब्रिटिश वकील आणि काही मिशनरी कैदेत टाकले. सोडवायला कोण गेलं? मुंबईचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबईहून, बहुतांशी मुंबई लष्कराच्या पलटणी घेऊन. तांबड्या समुद्राच्या काठी झुला म्हणून वैराण जागा, प्यायला थेंब नाही. मुंबईहून आधी इंजिनियरांची टोळी गेली. धक्का बांधला. आगबोटींच्या बॉयलरमधून समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्याचं पाणी बनवलं, हजारो माणसांना आणि त्याहून कितीतरी जास्त जनावरांना. मग किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत बारा मैलांच्या आसपास रेल्वे टाकली. रूळ भारतातून नेलेले, तेही वेगवेगळ्या मापांचे, एकाला एक जुळेना. इंजिनं जुनी, सारखी बसायची. ही रेल्वे पुरी होते न होते तोवर लढाई संपतही आली होती. तिचा उपयोग परत येताना जास्त झाला असं म्हणतात ते खोटं नाही.

आणि पायथ्यापासून पुढे? तिथून टेवोड्रोसच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत, मगदाल्यापर्यंत, साडेतीनशे मैलांहून जास्त घाट आणि दऱ्या. तिथे जड तोफा वाहिल्या भारतातून बोटीने नेलेल्या ४४ हत्तींनी. वाफेचा पराक्रम डोंगराच्या पायथ्याशी संपला.

१० एप्रिल १८६८ ला आरोगीच्या माळावर स्नायडर रायफल पहिल्यांदा लढाईत वाजली. सुमारे सातशे इथिओपियन पडले, नेपियरची वीसेक माणसं जखमी, त्यातली दोन नंतर दगावली. @विदा_हवा, हा तुमचा मुद्दा, इथे पूर्ण मान्य. पण टेवोड्रोस काही यंत्र न कळणारा माणूस नव्हता. त्याने युरोपीय मिशनरी कारागिरांना बसवून ठेवून सुमारे सात टनांची उखळी तोफ ओतून घेतली, नाव ठेवलं 'सेबास्टोपोल', आणि शेकडो माणसांकरवी ती डोंगरावर मगदाल्याला ओढून नेली. तोफ पोचली. तिचा काही उपयोग झाला नाही. कारखाना नसलेल्या देशात कारागीर कैद करून तोफ एक मिळते, काडतुसं रोज मिळत नाहीत. १३ एप्रिलला किल्ला पडला आणि त्याने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलं. तेही व्हिक्टोरिया राणीने भेट दिलेलं.

खर्च आला सुमारे ९० लाख पौंड, अंदाजाच्या कितीतरी पट. आणि भारतीय सैन्याचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतून गेला, युद्ध अ‍ॅबिसिनियात, भांडण लंडनचं. हीच तुमची शेतसाऱ्याची गोष्ट, फक्त रेल्वेऐवजी रणांगण.

गोदीवाला_नातू

बंदरकर, जबरी. माणसांचा उल्लेख राहिला म्हणून लिहितोय.

या आगबोटी चालवत कोण होतं? वरचे अधिकारी आणि इंजिनियर गोरे. खाली सारंग, टंडेल, खलाशी, आणि भट्टीपुढे आगवाले आणि कोळसेवाले. पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या बोटींवर डेकवर आपले कोकणातले आणि गुजरातच्या किनाऱ्याचे लोक, स्वयंपाक आणि सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, भट्टीखाली बव्हंशी पंजाबी आणि पठाण. तांबड्या समुद्रात ऐन उन्हाळ्यात भट्टीपुढे उभं राहायचं म्हणजे काय, तर आगवाला आळीपाळीने वर डेकवर येऊन पडायचा, अंगावर बादलीभर पाणी ओतायचे आणि परत खाली. गोऱ्या फायरमनपेक्षा पगार कितीतरी कमी, झोपायची जागाही कमी. "स्वस्तात आगबोट" या हिशेबात हे धरायला हवं.

आणि आर्देशीर कर्सेटजी वाडिया हे नाव या धाग्यात यायलाच हवं. वाडिया घराण्यातलाच, पण लाकूड सोडून वाफेकडे वळलेला. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो, पहिला भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्याचा मुख्य इंजिनियर झाला, हाताखाली गोरे कारागीर. तिथल्या काही इंग्रजांना ते फार झोंबलं. म्हणजे "आपल्याला यंत्र जमलंच नसतं" हे म्हणणाऱ्यांनी माझगावला जाऊन यावं.

रानजाई

+१. आर्देशीरवर वेगळा लेख हवा.

तारामास्तर

तारेशिवाय हा धागा अपुरा. टपालाचं बंदरकरांनी लिहिलंय, पुढचं मी.

१८५७ मध्ये तार होती, पण भारतापुरती. ११ मे ला दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला खबर गेली आणि पंजाब सावध झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. लंडनला मात्र बातमी पोचायला आठवडे लागले, कारण मध्ये समुद्र. तांबड्या समुद्रातली पहिली तार १८५९ मध्ये टाकली, पण ती नीट चाललीच नाही. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून कराचीमार्गे जोड मिळाली, पण मध्ये तुर्कांच्या तारा, तुर्कांचे कारकून, इंग्रजी मजकुराचा पार चुथडा. मग १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न', त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज, मुंबईत आलं आणि इथून एडनकडे समुद्राच्या तळाशी तार सोडत निघालं. त्याच वर्षी लंडन-मुंबई समुद्रामार्गे सलग जोडले गेले. आठवड्यांचं काम काही तासांवर आलं.

एक गोष्ट जवळून बघा. तांब्याच्या तारेला खाऱ्या पाण्यापासून वाचवायला वर गटापर्चा लागायचा. तो रबरासारखा चीक, मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलातल्या झाडांचा. रबराच्या झाडाला चीर देऊन चीक काढतात, झाड जगतं. गटापर्चाचा चीक चटकन घट्ट होतो, वाहत नाही, म्हणून अख्खं झाड आडवं करून सालीला जागोजागी खाचा पाडायच्या. एका झाडातून हाती फार तर काही रत्तल. हजारो मैल केबलसाठी किती जंगल आडवं झालं असेल याचा अंदाज करा. सिंगापूरच्या बाजारात तो विकायला आणणारे मलायी आणि दायाक लोक, माल विलायतेला, आणि त्याच तारेवरून त्यांच्यावर हुकूम.

मधली_आळी

हे मात्र मला नवीन होतं, धन्यवाद. पण म्हणजे माझाच मुद्दा झाला ना? कच्चा माल लुटल्याशिवाय यंत्र उभंच राहत नाही.

तोफखाना

अवांतर थोडं, पण @विदा_हवा यांच्या ब्रसेल्सवरून आठवलं. हीच तजवीज १८०३ मध्ये शिंद्यांशी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात आहे. शत्रुराष्ट्रांच्या युरोपीयांना, म्हणजे मुख्यतः फ्रेंचांना, चाकरीत ठेवायचं नाही. तेव्हा बंदुकीपेक्षा ती शिकवणारा माणूस अडवायचा होता, १८९० मध्ये खुद्द बंदूक. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंचांशी लढणाऱ्या समोरी तुरे या राजाचे लोहार फ्रेंच रायफली बघून हाताने तशाच घडवायचे, पण फ्रेंच कारखान्याच्या वेगापुढे लोहारशाळा किती पुरणार.

विदा_हवा

हे जुळतंय. ओमदुर्मानचं अजून एक सांगतो, कारण सगळे मॅक्सिमचंच नाव घेतात. १८९७ मध्ये गिरूआर नावाच्या तरुण कॅनेडियन इंजिनियरने वादी हाल्फापासून अबू हमदपर्यंत नुबियाच्या वाळवंटातून सरळ रेल्वे टाकली, सव्वादोनशे मैलांवर. नाईलचा मोठा बाक आणि तिथले धबधबे टळले. तोफबोटींचे सुटे भाग या रेल्वेने नेऊन पुढे जोडले आणि नदीत सोडले. ओमदुर्मानला सकाळी जे झालं त्याची तयारी वर्षभर वाळूत चालू होती. नाहीतर १८८४ मध्ये खार्टूमला वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश जनरल गॉर्डनला सोडवायला निघालेली मोहीम याच नाईलच्या धबधब्यांत बोटी ओढत बसली आणि दोन दिवस उशिरा पोचली.

बंदरकर

विदा_हवा, याच्यावर माझा आक्षेप नाहीच. उलट माझंच म्हणणं पुढे जातं: नदी, आणि नदी जिथे अडते तिथे रेल्वे. ब्रह्मदेशाचं उदाहरण मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण ते दोन्ही बाजूंना टोचतं. १८२४-२६ च्या पहिल्या युद्धात 'डायना' नावाची कलकत्त्यात बांधलेली छोटी आगबोट इरावतीत उतरली, ब्रह्मी लढाऊ होड्यांचे वल्हेकरी दमेपर्यंत पाठलाग करायची. बोट जिंकली, पण कंपनीची सुमारे १५ हजार माणसं मेली, बहुतेक रोगाने. १८८५ मध्ये तिसऱ्या युद्धात आगबोटींचा ताफा त्याच इरावतीतून वर गेला आणि दोनेक आठवड्यांत मंडाले हातात. नदी तीच, साठ वर्षांचा फरक. आणि तिथला शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ मध्ये तिथेच वारला.

घाटवाटा

उशिरा आलो. सगळं वाचलं, मजा आली. पण काँगो? बेल्जियमच्या लिओपोल्डशिवाय हा विषय कसा पुरा होईल?

बंदरकर

@घाटवाटा, काँगो मुद्दाम वगळलं, दोन ओळींत उरकण्यासारखं नाही. पण इथल्या चर्चेशी जोडणारं एवढं लिहितो. काँगो नदी आत हजारो मैल बोटी चालण्याजोगी, पण समुद्राजवळ धबधब्यांची रांग. म्हणून लिओपोल्डसाठी काम करणाऱ्या स्टॅन्ली या प्रवाशाच्या काळापासून आगबोटी सुट्या करून, एकेक पत्रा आणि बॉयलरचा एकेक तुकडा हमालांच्या डोक्यावरून आणि गाड्यांवरून वर न्यायचे, मग 'स्टॅन्ली पूल' नावाच्या नदीच्या रुंद डोहापाशी जोडायचे. १८९० मध्ये माटाडीहून रेल्वे सुरू केली, १८९८ मध्ये लिओपोल्डव्हिलला पोचली. हमालांचे तांडे थांबले आणि रबर त्या मानाने झपाट्याने खाली उतरायला लागलं. पुढचं काय झालं ते वेगळ्या धाग्यात. गणपतीनंतर काढतो, तोवर घरात पाहुणे आहेत. तारामास्तरांनी गटापर्चावर सविस्तर लिहायचं मनावर घ्यावं.